टेका, झाका, धरा

२६ जानेवारी २००१ ची सकाळ गुजरातेत घर असलेल्या कोणत्याही कुटुंबाच्या स्मरणातून जाणे शक्य नाही. बडोद्यात त्या दिवशी बऱ्यापैकी थंडी होती. आम्ही तेव्हा तिशीच्या आसपासचे, नुकतेच नोकरीत कायम झालेले साहाय्यक शिक्षक होतो. आणि सर्व शिक्षकांत वयाने लहान म्हणून मुलांना रांगेत उभे करण्याचे, म्हणजेच शिट्टी फुंकण्याचे काम साहजिकच आमच्या वाट्याला आले होते. झेंडावंदन आटोपले होते. पाहुण्यांचे भाषण चालू होते आणि मुलांचे सारे लक्ष कोपऱ्यातल्या टेबलावरील खाऊच्या पुड्यांकडे होते. उत्तरायण होऊन बारा दिवस झाले होते, तरी विजेच्या तारांवर फाटके पतंग लटकत होतेच. पावणेनऊच्या सुमारास, वाऱ्याची झुळूकही नसताना, ते पतंग हलू लागले.

प्रथम पायांखाली बारीक थरथर जाणवली. एखादी अवजड मालमोटार रस्त्याने जावी तशी. मोटार निघून जाईना. मग ध्वजस्तंभ डोलू लागला, आणि त्यानंतर जमिनीने जो झोका घेतला तो आजही आठवला की पोटात कालवते. कोणीतरी ओरडले. मुलांच्या रांगा मोडल्या. आम्ही घाबरलो होतो, हे आज कबूल करण्यात काही कमीपणा वाटत नाही. गोंधळ उडाला की शिक्षकाचा हात ज्या वस्तूकडे आपोआप जातो तिकडेच आमचा हात गेला. आम्ही जोरात शिट्टी फुंकली.

आणि मुले शाळेच्या इमारतीत धावत सुटली.

धावणारच. शिट्टी झाली की ओळीने वर्गात जायचे, हे आम्हीच त्यांना वर्षभर शिकविले होते. उघड्या मैदानावर, डोक्यावर केवळ आकाश असताना, जिथे त्यांना कसलेही भय नव्हते, तिथून आम्ही त्यांना कौलारू व्हरांड्याखाली पिटाळले. आमच्या वरिष्ठ शिक्षकांनी प्रसंगावधान राखून दोन्ही हात पसरले आणि मोठ्या मुलांना अडविले. लहान मुले मात्र पुढे गेली होती. ओळीने कौले सुटली. चौथीतल्या एका मुलाचा उजवा हात कोपरापाशी मोडला. बाकी सर्वजण खरचटण्यावर निभावले. त्या मुलाच्या आईने आम्हांला दोष दिला नाही. धरणीच हलली तिथे मास्तर काय करणार, असे ती माउली म्हणाली. मास्तरांनी काय केले होते ते तिला ठाऊक नव्हते. पुढे वर्षभर आम्ही शिट्टी खिशात ठेवीत होतो, पण वाजवीत नव्हतो.

दुपारपासून बातम्या येऊ लागल्या. भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये भचाऊजवळ होते, बडोद्यापासून सरळ रेषेत मोजले तरी तीनशे किलोमीटरहून दूर. वेळ सकाळी ८ वाजून ४६ मिनिटे, तीव्रता ७.७. भुज, भचाऊ, अंजार, रापर ही गावे उद्ध्वस्त झाली. सरकारी नोंदीनुसार १३,८०५ माणसे दगावली आणि दीड लाखांहून अधिक जखमी झाली. केंद्रापासून इतक्या दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळून सातशेहून अधिक बळी गेले. त्यांपैकी कित्येक इमारतींचा तळमजला मोटारी उभ्या करण्यासाठी मोकळा सोडलेला होता. वर भिंतींचा भार आणि खाली नुसते खांब. जमीन आडवी हलताच ते खांब वाकले आणि वरचे मजले जसेच्या तसे खाली बसले. साबरमतीच्या गाळाच्या जमिनीनेही धक्क्याला जोर आणला. नदीकाठचा भुसभुशीत गाळ खडकापेक्षा अधिक हलतो, आणि आमचे बडोदेही विश्वामित्रीच्या गाळावर वसलेले आहे, हे इथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मात्र आम्हांला त्या सर्व बातम्यांत जी वाचून घास गिळेनासा झाला ती अंजारची. प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी हाती झेंडे घेऊन जुन्या गावातल्या एका अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर पडली. १८५ विद्यार्थी आणि २० शिक्षक गेले. २०२२ साली तिथे त्यांचे स्मारक झाले आहे. ती मुले आणि आमची मुले एकाच कारणासाठी, एकाच वेळी घराबाहेर पडली होती. कच्छमध्येच कित्येक शाळांची मुले त्या क्षणी झेंडावंदनासाठी मैदानावर होती म्हणून वाचली. मागे त्यांचे वर्ग पडले. तेव्हा सुटीचा दिवस, मैदान आणि गल्ली यांवर एवढे सगळे अवलंबून होते.

अशा योगायोगांचा विचार करू लागले की मन सुन्न होते. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात दुपारी बाराच्या आत मोठा भूकंप झाला. हजारो वर्ग कोसळले. पण तो शनिवार होता आणि नेपाळात शनिवारी साप्ताहिक सुटी असते. त्याच्या दहा वर्षे आधी, ८ ऑक्टोबर २००५ रोजी काश्मीरचा भूकंप झाला तोही शनिवारच. मात्र पाकिस्तानच्या ताब्यातील त्या भागात शनिवारी शाळा भरत असे आणि मुले नुकतीच वर्गात बसली होती. तिथे हजारो मुले आपल्या वर्गातच गाडली गेली. वार तोच. शाळेची घंटा वाजली होती की नाही, एवढाच फरक.

आमच्या पिढीच्या मराठी माणसाला याआधी भूकंप म्हटला की कोयना आठवे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले आणि १८० च्या आसपास माणसे गेली. धरणाच्या जलाशयातील पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो याचे ते जगप्रसिद्ध उदाहरण ठरले. त्यानंतर किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. लोक गणपती बोळवून, थकून भागून झोपले होते. निरनिराळ्या गणनांनुसार आठ ते दहा हजार माणसे मेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या घरात, म्हणजे भुजच्या मानाने पुष्कळच कमी. एका भुजेत अशा शंभराहून अधिक किल्लारी बसतील. तरीही एवढा संहार का व्हावा? उत्तर त्या घरांत आहे. मराठवाड्यातील माळवदाची घरे उन्हाळ्यात गार राहावीत म्हणून धाब्यावर मातीचा जाड थर घातलेला, आणि वर्षानुवर्षे गळती थांबविण्यासाठी त्यावर आणखी माती चढविलेली. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद. पण आतून आणि बाहेरून लावलेले गोटे केवळ चिखलाने सांधलेले, आणि त्या दोन पदरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड कुठेच नाही. हादरा बसताच भिंतीचे दोन पदर दोन बाजूंना फाकले व मधल्या माणसांवर टनावारी माती आली. बैठे घर म्हणजे सुरक्षित घर, ही आपली समजूत किल्लारीने त्या एका पहाटेत मोडून काढली.

आणखी एक गोष्ट. किल्लारीचा प्रदेश भूकंपाच्या तत्कालीन नकाशात सर्वांत निर्धास्त अशा पहिल्या पट्ट्यात दाखविलेला होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या पट्ट्यात आला, आणि पहिला पट्टा मुळी रद्दच झाला. याच नकाशात कच्छ पाचव्या, बडोदे, बेळगाव व गोवा तिसऱ्या, तर हैदराबाद दुसऱ्या पट्ट्यात होते. तेव्हा ‘आमच्याकडे भूकंप होत नाहीत’ असे जे आमचे हैदराबादचे आप्त मोठ्या समाधानाने सांगतात, त्यांनी किल्लारी आपल्यापासून किती कोसांवर आहे याचा एकदा हिशेब करावा. जबलपूरकरांनाही २२ मे १९९७ च्या पहाटेपर्यंत असेच वाटत होते. बडोद्याच्या जुन्या मंडळींना मार्च १९७० चा भडोचचा भूकंप आठवत असेल. त्यातही माणसे दगावली होती.

भूकंप केव्हा होणार हे सांगता येते का, असे पालक आम्हांला हटकून विचारतात. येत नाही. दिवस आणि वेळ सांगणारे शास्त्र आज कोणापाशी नाही. चीनमध्ये १९७५ साली हाइचेंगच्या भूकंपापूर्वी लोकांना घराबाहेर काढले गेले, त्याचा फार गाजावाजा झाला; पुढच्याच वर्षी तांगशानला कोणालाही काही कळले नाही आणि सुमारे दोन लाख चाळीस हजार माणसे गेली. २००१ च्या त्या आठवड्यात आमच्या गल्लीत रोज नवी अफवा उठे, की आज रात्री अमुक वाजता याहून मोठा येणार. लोक अंथरुणे घेऊन सयाजीबागेकडे निघत. मोठ्या भूकंपानंतर लहान-मोठे धक्के येत राहतात हे खरेच, आणि तडा गेलेल्या घरात निजू नये हेही खरे. परंतु घड्याळ लावून येणारा भूकंप अद्याप जन्मास यायचा आहे.

सांगता येते ते एवढेच, की हादरा बसल्यावर पहिल्या काही क्षणांत काय करावे. जगभर शाळांतून याची एकच तीन शब्दांची आज्ञा शिकवितात. आमच्याकडे ती गुजरातीत व हिंदीत छापून आली होती, मराठी मात्र कुठे आढळेना. आम्ही मराठीचे एम. ए.; मोठ्या हौसेने ‘वाका, झाका, धरा’ असे भाषांतर केले. यमक जुळले म्हणून स्वतःवरच खूश झालो. पहिल्या सरावाला सारी शाळा कमरेत वाकून, हातांनी तोंड झाकून उभी राहिली. एका चिमुरडीने विचारले, “सर, किती वाकायचं?” तेव्हा आमच्या ध्यानात आले, की वाकलेला माणूस अजून उभाच असतो, आणि जमीन हलली की पहिला पडतो तो उभा असलेला. खाली जायचे ते गुडघ्यांवर आणि हातांवर. पाहता पाहता ‘वाका’चे ‘टेका’ झाले. गुडघे टेका, डोके झाका, बाकाचा पाय धरा. यमक थोडे हुकले, पण मुले खाली बसू लागली.

‘धरा’ कशासाठी, हेही मुलांना समजावून द्यावे लागते. मोठ्या हादऱ्यात बाक जागेवर राहत नाही, चालू लागतो. त्याचा पाय घट्ट धरला तर तो जाईल तिकडे आपणही त्याच्याखाली सरकतो. ज्या वर्गांत बाकच नाहीत आणि मुले सतरंजीवर बसतात (सरकारी शाळांत खालच्या इयत्तांची हीच स्थिती असे, काही ठिकाणी अजून आहे), तिथे खिडक्यांपासून आणि कपाटांपासून दूर, आतल्या भिंतीच्या कोपऱ्याशी गुडघ्यांवर बसावे आणि दप्तर डोक्यावर घेऊन मान झाकावी. दप्तराचे ओझे म्हणून आपण सतत ओरडतो. या एका प्रसंगी ते कामी येते.

धावावे की नाही, यावर मतभेद आहेत आणि ते असणेही रास्त आहे. पक्क्या काँक्रीटच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर असाल, तर जिन्याकडे धावू नये. उद्वाहकाचे तर नावही काढू नये. कठडे, सज्जे, काचा आणि विटा पडतात त्या नेमक्या दारापाशी आणि भिंतीलगत, बाहेर पडणाऱ्या माणसांच्या डोक्यावर. पण दगडमातीच्या बैठ्या घरात, दार दोन पावलांवर आणि पुढे मोकळे अंगण असेल, तर टेबलाखाली शिरण्यात काय हशील? तिथे बाहेर पडणेच शहाणपणाचे. आपले घर कोणत्या जातीचे आहे हे प्रत्येक कुटुंबाने आधीच ठरवून ठेवावे. जमीन हलत असताना ठरविता येत नाही. मैदानात असाल तर मैदानातच राहा, भिंती, झाडे आणि विजेच्या तारा यांपासून दूर. हे वाक्य लिहिताना आमच्या हातून शाई सांडल्यासारखे होते.

आजी-आजोबांच्या तोंडून ‘चौकटीत उभे राहा’ हा सल्ला घरोघर ऐकू येतो. जुन्या वाड्यांतील सागवानी चौकटी हातभर रुंद असत, त्या काळी त्यात तथ्य असेल. आजच्या चौकटी भिंतीपेक्षा मजबूत नसतात, आणि हलणारे दार बोटे मात्र चिरडते.

घरातल्या वस्तूंविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण मराठी घर म्हणजे उंचावर ठेवलेल्या जड वस्तूंचे प्रदर्शन असते. मांडणीवर वरच्या फळीवर आजेसासूबाईंच्या काळची पितळी पातेली, हंडे, घंगाळ. माळ्यावर न लागणाऱ्या ट्रंका. आणि बिछान्याच्या नेमके उशाशी, वर, काचेच्या जाड तसबिरीत थोरले आजोबा. पूर्वजांचा वरदहस्त मस्तकी असावा, त्यांची चौकट मात्र नसावी. आमच्या स्वतःच्या घरी ही तसबीर हलविण्यास आम्हांला चार वर्षे लागली, कारण मातोश्रींची संमती मिळेना. अखेर २००५ च्या काश्मीरच्या बातम्या पाहून त्यांनी आपण होऊन ती समोरच्या भिंतीवर लावून घेतली; म्हणाल्या, आता ते मला दिसतात तरी. लोखंडी कपाट भिंतीला लोखंडी कोनाने व स्क्रूने जखडावे. १९९५ च्या जानेवारीत जपानात कोबे शहरी पहाटे भूकंप झाला तेव्हा अंगावर पडलेल्या घरांइतकीच, झोपलेल्या माणसांवर पडलेल्या कपाटांचीही चर्चा झाली. उशाशी विजेरी आणि पलंगाखाली चपला असाव्यात. रात्री जमिनीवर काचा पसरलेल्या असतात, आणि अनवाणी धावून पाय कापून घेतलेला माणूस कोणाच्या मदतीला जाणार?

हादरा थांबला की प्रथम शेगडी आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करावा, मग विजेचा मुख्य खटका. वास येत असेल तर कोणताही खटका दाबू नये, काडी तर मुळीच ओढू नये. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो-योकोहामा भागात भूकंप झाला तो दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना. घरोघर चुली पेटल्या होत्या. लाखावर माणसे मेली, त्यांतली फार मोठी संख्या आगीत. त्या तारखेला जपानात आजही शाळा-कचेऱ्यांतून आपत्तीचा सराव होतो.

आपल्याकडेही कायदे झाले. गुजरातेत २००१ सालीच आपत्ती व्यवस्थापनाचे प्राधिकरण स्थापन झाले, २००३ साली राज्याचा कायदा आला, २००५ साली देशाचा. परिपत्रके येतात. सरावाची छायाचित्रे आणि विहित नमुन्यातील माहिती पाठवावी लागते, आणि नमुना भरला की सराव झाला असे मानण्याकडे सर्वांचाच कल असतो. एका वर्षी आमच्याकडे सरावाचे छायाचित्र सरावाआधीच मागितले गेले. वर्गातील कपाटे भिंतीला जखडण्यासाठी आम्ही जो प्रस्ताव पाठविला, तो ‘कपाटे सुस्थितीत असल्याने दुरुस्तीची आवश्यकता दिसत नाही’ अशा शेऱ्यासह परत आला. कपाटे सुस्थितीत होती, हे निर्विवाद. असो.

मुख्याध्यापक झाल्यावर आम्ही पहिली गोष्ट केली ती शिट्टीची. आता आमच्या शाळेत वर्गात जाण्यासाठी घंटा आहे. शिट्टी केवळ एकाच गोष्टीसाठी. लांब शिट्टी झाली की मूल जिथे असेल तिथे खाली बसते. मैदानावर असेल तर मैदानावर. जिन्यात असेल तर जिन्याच्या पायरीवर, कठडा धरून. दर सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतर, आठ वाजून शेहेचाळीस मिनिटांनी आम्ही ती वाजवितो. पाहुणे क्वचित नाराज होतात, कारण त्यांचे भाषण मध्येच तुटते. आता निमंत्रणातच तशी सूचना असते.

ज्याचा हात त्या दिवशी मोडला होता तो आज तिशी ओलांडून गेला आहे. फॅब्रिकेशनचे दुकान आहे, जाळ्या आणि दरवाजे करतो. त्याची मुलगी आमच्याच शाळेत तिसरीत आहे. दोन वर्षांपूर्वी सरावाच्या वेळी तो फाटकाशी उभा होता. कार्यक्रम संपल्यावर आत आला, वर्गातून एक फेरी मारली आणि कपाटे कोणी बसविली आहेत असे विचारू लागला. आम्ही त्याला प्रस्तावाची हकीकत सांगितली. तो हसला. आणि मग, इतक्या वर्षांनी, ती शिट्टी आम्हीच फुंकली होती हेही सांगितले.

“ठाऊक आहे, सर,” तो म्हणाला. “आम्ही सगळे तुमच्याकडेच बघत होतो.”

पुढच्या रविवारी तो ड्रिल आणि लोखंडी कोन घेऊन आला. पैशांचा विषय काढू दिला नाही. एकेक कपाट भिंतीला जखडले, की उजव्या हाताने, जो कोपरात आजही पूर्ण सरळ होत नाही, ते गदागदा हलवून पाहत होता. त्या दिवसात नऊ कपाटे झाली. प्रयोगशाळेतील दोन राहिली आहेत. तिथली भिंत पोकळ विटांची निघाली, स्क्रू धरत नाही. त्यासाठी काय करावे याचा विचार चालू आहे.